नव्वद अंश

धम्मप्रियानं फेजच्या रिकाम्या चौकटीत नव्वद हा आकडा टाकला, एन्टर दाबलं आणि पडद्यावरची लाल रेघ एकदम वर उसळली. पाचशे बासष्ट. तिनं नव्वद खोडून शून्य घातलं. रेघ शहाण्यासारखी हळूहळू चढत तीनशे एकतीसवर जाऊन बसली. पुन्हा नव्वद. पुन्हा पाचशे बासष्ट. हे व्होल्टेज ज्या कपॅसिटरवर जाणार होतं, त्याच्या अंगावर मर्यादा स्वच्छ छापलेली होती: चारशे पन्नास.

"अगं आई गं," ती म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवून बसून राहिली.

शेजारच्या टेबलावर अंकिता कारखान्यांच्या मशीनांत बसवायची नवी इलेक्ट्रॉनिक कार्डं तपासत होती. एका हातात मीटर, दुसरा हात डिमरच्या गोल मुठीवर.

"काय झालं?"

"अंकिता, कार्ड तपासताना तू डिमर कसा फिरवतेस?"

"कसा म्हणजे? हळूच की. शून्यापासून सावकाश दोनशे तीसपर्यंत न्यायचा. सरांनीच शिकवलंय. एकदम दिलं तर फ्यूज उडतो."

धम्मप्रियानं कपाळावर हात मारून घेतला.

गोष्ट एवढीशीच होती, आणि चार वर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सिम्युलेशन करताना, म्हणजे सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून बघताना, कागदावरच्या सर्किटला कागदावरचीच वीज द्यावी लागते. ती लाट कशी असेल हे सॉफ्टवेअरला सांगायचं असतं: उंची किती, सेकंदाला किती हेलकावे, आणि घड्याळ सुरू होताना लाट नेमकी कुठं आहे. या शेवटच्या, फेजच्या चौकटीत काही भरलं नाही, तर सॉफ्टवेअर आपलं शून्य धरतं. म्हणजे बटण दाबलं त्या क्षणी वीज बरोबर शून्यावर उभी असते आणि तिथून अदबीनं वर चढते. असली शहाणी वीज सोलापुरात कुणी पाहिली आहे? इथं ती येते तेव्हा येते, आणि बटण दाबणारा दाबतो तेव्हा दाबतो. लाट त्या वेळी ऐन शिखरावर, म्हणजे नव्वद अंशावर, असली तर सगळा दणका एका फटक्यात बसतो. नळाखाली धरलेली बादली निमूट भरते; तीच बादली खाली ठेवून वरून घागर उपडी केली, तर पाणी काठाबाहेर उसळतं. कपॅसिटरचं तेच होत होतं.

शुक्रवार पेठेतल्या या पहिल्या मजल्यावरच्या छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवर वीज शून्यापासून येत होती, टेबलावर डिमरनं शून्यापासून येत होती. कार्डाला खऱ्या जगाचा फटका कधी बसलाच नव्हता. तो बसला अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात. सहा महिन्यांत तीन कार्डं जळाली, तिन्ही एकाच मशीनवर, आणि खापर फुटलं त्या मशीनवर काम करणाऱ्या अक्कम्माच्या डोक्यावर.

अक्कम्मा तिथं सव्वीस वर्षं कांड्या भरत होती, मशीनवर सूत गुंडाळून. मशीनं जुनी होती तेव्हापासून. वीज जाऊन परत आली की त्या खात्यात एक रीत होती: पहिलं बटण अक्कम्माचं. तिचं मशीन फिरायला लागलं की मग दुसरीचं, मग तिसरीचं. सगळ्या बायकांनी एकदम बटणं दाबली तर मेन स्विच पडतो, म्हणून कधीतरी कुणीतरी ही रांग लावून दिली होती, आणि वयानं, कामानं मोठी म्हणून पहिला मान तिला. मानाचं बटण! लाइनवर बाकी कशाचाच भार नाही, व्होल्टेज चढलेलं, आणि त्या चढलेल्या व्होल्टेजच्या तोंडी दर वेळी हिचंच कार्ड. बाकीच्या मशीनांपर्यंत पाळी येईस्तोवर लाइन जरा शांत झालेली असायची. पण हे कुणी बघितलं? सगळ्यांनी एवढंच बघितलं, की जळतं ते हिच्याच हातून जळतं. तीन आठवडे झाले, बाईला घरी बसवलं होतं. आता कंपनीचा रिपोर्ट काय येतो त्यावर सगळं अडलं होतं. 'ऑपरेटरची चूक' असे दोन शब्द आले की सव्वीस वर्षं संपली.

दार ढकलून उदयसिंह सर आत आले. कंपनी त्यांचीच. हातात एक छापील कागद होता.

"धम्मप्रिया, सही करून टाक. बाळासोंचा दोनदा फोन आला." बाळासो म्हणजे त्या कारखान्याचे मॅनेजर.

तिनं कागद वाचला. 'सिम्युलेशन व प्रत्यक्ष चाचणी, दोन्हींत कार्ड निर्दोष आढळले. बिघाड ऑपरेटरच्या चुकीच्या हाताळणीमुळे.' गेल्या आठवड्यात ती कारखान्यात जाऊन आली तेव्हा तिनंच टिपणवहीत 'चुकीची हाताळणी' असं लिहिलं होतं. पुढं प्रश्नचिन्ह होतं. छापताना ते गळालं होतं.

"सर, कार्ड निर्दोष नाही."

"म्हणजे?"

तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. शून्य घालून दाखवलं. नव्वद घालून दाखवलं. उदयसिंह सर काही पाटीवर नाव लावण्यापुरते इंजिनियर नव्हते. त्यांनी वाकून लाल रेघ पाहिली, स्वतः माऊस घेतला, साठ घातलं, एकशे वीस घातलं, पुन्हा नव्वद घातलं. मग माऊस टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसले.

"हे नव्वद कुठून आणलंस?"

"आणलं नाही सर. घालायचं राहून गेलं होतं."

"कुणाचं?"

फाइलच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. तिथं बघायची गरज दोघांनाही नव्हती. चार वर्षांपूर्वी, कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात, तिनं ही फाइल बनवली होती. तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. त्यानंतरचं प्रत्येक कार्ड त्याच फाइलची नक्कल करून, नाव बदलून तयार झालं. रिकामी चौकट रिकामीच राहिली.

"माझं," ती म्हणाली.

"आणि तपासलं होतं मी." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे बघ, आता शांतपणे ऐक. पुढच्या लॉटमध्ये एक थर्मिस्टर वाढवू. सुरुवातीचा दणका तो गिळतो. कुणाला कळायचं कारण नाही. माणूस चुकतो, सुधारतो. झालं."

"आणि अक्कम्मा?"

"तिचंही बघितलंय मी. बाळासोंशी बोललोय. माफीपत्र घेतील आणि उद्यापासून कामावर घेतील. कुणाचं नुकसान नाही. आपली नवी ऑर्डरही राहते."

"ती माफी कशाची मागणार, सर?"

उदयसिंह सरांच्या कपाळावर आठी पडली. "तिला तुझ्या-माझ्यासारखं समजू नकोस. तिला काम हवंय. मी मिळवून देतोय."

"चुकले मी, आणि सही तिनं करायची?"

"धम्मप्रिया!"

अंकिताचा हात डिमरवर थबकला. सरांचा आवाज त्या खोलीत सहसा चढत नसे.

राग येण्यासारखा माणूस असता तर सोपं झालं असतं. हा माणूस तसा नव्हता, हीच पंचाईत होती. डिप्लोमा झाल्यावर ती सहा ठिकाणी मुलाखतीला गेली होती. सहाही ठिकाणी 'आडनाव काय?' आणि 'गाव कुठलं?' यात निम्मी मुलाखत संपली. उदयसिंह सरांनी समोर एक जळका बोर्ड ठेवला होता आणि विचारलं होतं, "यात काय गेलंय सांग." तिनं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती इथं होती. या उपकाराचं ओझं तिला कळत होतं. पण ते अक्कम्माच्या डोक्यावर का ठेवायचं, हे काही तिला कळत नव्हतं.

"मी खराच रिपोर्ट देणार," ती म्हणाली. मग सरांकडं सरळ बघत तिनं तेच वाक्य पुन्हा, नीट म्हटलं. "मी खराच रिपोर्ट देणार, सर."

"कंपनीच्या कागदावर?"

"कंपनीचा नाही मिळाला, तर वहीचं पान फाडून देईन."

सरांनी छापलेला कागद उचलून घडी घातली.

"परत येऊ नकोस, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण विचार करून जा."

"केलाय."

तिनं लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला. जिना उतरताना मागून अंकिता धावत आली आणि तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. तिसऱ्या कार्डातून काढलेला कपॅसिटर. डोकं फुगून फुटलेलं.

"रेघा बघून त्यांना काय कळणार?" अंकिता म्हणाली. "हे दाखव."

कारखान्याच्या ऑफिसात अक्कम्मा आधीच उभी होती. बसायला खुर्ची होती, पण ती उभी होती. हिरवं सुती पातळ, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. कामावर घेतलं तर लगेच लागता यावं म्हणून डबा बांधून आणलेला. टेबलावर तिच्यासमोर एक कागद आणि त्यावर पेन. बाळासो पंख्याखाली बसून तिला समजावत होते.

"अगं अक्कम्मा, दोन ओळी हायत. सही कर आन् जा कामावर. लई ताणू नको."

"मला वाचता येतं, साहेब. वाचलं मी."

"मग कळत न्हाय का?"

"कळतं. मान्य न्हाय."

"तीन आठवडं हेच चाललंय बघा, मॅडम," बाळासो धम्मप्रियाला म्हणाले. "या, बसा. बरं झालं आलात. तुमचा रिपोर्ट दावा हिला, म्हंजे तरी डोक्यात उजेड पडंल."

धम्मप्रिया बसली नाही. तिनं लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला, शेजारी फुटका कपॅसिटर ठेवला आणि सांगायला लागली. बाळासोंना फेज कळेना. मग तिनं उठून भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं.

"हे बटण मी नेमकं कधी दाबायचं, हे वीज मला सांगते का?"

"न्हाय की."

"आम्ही मात्र सांगते असं धरून कार्ड बनवलं. वीज नेहमी शून्यावर असतानाच बटण दाबलं जाईल, असं. दहातल्या एखाद्या वेळी ती शिखरावर असते. त्या वेळी हे असं होतं." तिनं फुटका कपॅसिटर त्यांच्यापुढं सरकवला. "आणि पहिलं बटण नेहमी अक्कम्माबाईंचं. लाइनवर भार नसतो, व्होल्टेज चढलेलं असतं. म्हणून यांच्याच मशीनवर झालं. यांच्या जागी मी असते तर माझ्या हातून झालं असतं."

बाळासोंनी कपॅसिटर उचलला, फिरवून बघितला, खाली ठेवला.

"म्हंजे चूक कुणाची?"

"माझी. हे गणित मी केलं होतं."

ऑफिसात पंख्याची घरघर नव्हती, तिनंच बंद केला होता. पलीकडच्या खात्यातून मशीनांचा आवाज येत होता.

"काय सांगताय मॅडम," बाळासो हळू आवाजात म्हणाले. "तुमचं साहेब तर फोनवर निराळंच बोलले. आसं सोताच्या पायावर धोंडा कशापायी पाडून घेताय? पोरीबाळीच्या जातीनं जरा—"

"साहेबांचं साहेब बोलतील. माझं मी बोलतेय."

आता अक्कम्मा बोलली. तिच्या आवाजात आभाराचं नाव नव्हतं.

"गेल्या येळेला आलात तुमी. मशीन उघडलं, वायर बघितली, फोटो काढलं. मी गेटवर उभी होते. मला एक शब्द इचारला न्हाय."

धम्मप्रियाला तोंड वर करवेना. "नाही विचारलं," ती म्हणाली.

"इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की. बटण दाबलं की आतनं टक् करून आवाज येतोय. कधी येतो, कधी न्हाय. दोन महिनं मी सांगतेय सगळ्यांना. म्हातारीचे कान वाजतात म्हणाले." तिनं बाळासोंकडं बघितलंही नाही. "माझी नात शाळेत जाते. शेजारची पोरं तिला म्हणली, तुझ्या आज्जीनं कारखाना जाळला. एकवीस दिस मी गल्लीत मान खाली घालून फिरले. तुमचं गणित चुकलं म्हणून!"

"हो," धम्मप्रिया म्हणाली.

अक्कम्मानं टेबलावरचा कागद बोटानं ढकलला. तो लॅपटॉपला अडून थांबला.

"मग हे कुणी लिवायचं?"

'मी, खाली सही करणार, माझ्या निष्काळजीपणामुळे तीन कार्डे जळाली हे मान्य करते. त्याबद्दल मी माफी मागते.' खाली अक्कम्माचं पूर्ण नाव छापलेलं.

धम्मप्रियानं पेन उचललं. छापलेल्या नावावर सरळ एक रेघ मारली, शेजारी स्वतःचं पूर्ण नाव आडनावासकट लिहिलं. 'निष्काळजीपणामुळे' या शब्दापाशी तिचा हात क्षणभर थांबला. तो शब्द तिनं तसाच ठेवला आणि सही केली.

"आवो, हे कामगाराचं पत्र हाय!" बाळासो उठून उभे राहिले. "असं चालत न्हाय, मॅडम."

"तारीख राहिली," अक्कम्मा म्हणाली.

धम्मप्रियानं तारीख घातली.

अक्कम्मानं कागद घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला आणि बाळासो हात पुढं करत होते तिकडं लक्ष न देता दाराबाहेर पडली. बाळासो तिच्या मागं, त्यांच्या मागं धम्मप्रिया. बाई कुठं निघाली ते कळायला वेळ लागला नाही. कांड्यांच्या खात्यात एकवीस मशीनं होती, वीस चालू होती. अक्कम्माला दारात बघून पहिल्या रांगेतल्या बाईनं बटण बंद केलं, तिचं बघून दुसरीनं. कुणी सांगितलं नव्हतं. आवाज एकेक करत कमी होत गेला आणि शेवटी फक्त छताचे पंखे राहिले. सूत उडत होतं.

अक्कम्मा आपल्या बंद मशीनपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं कागद वाचायला सुरुवात केली. मराठीत लिहिलेला कागद ती तेलुगूत, खात्यातल्या बायकांच्या घरच्या भाषेत, वाचत होती, खणखणीत, एकेक शब्द सुटा करून. धम्मप्रियाला तेलुगू येत नव्हतं. तिला तिचं नाव तेवढं कळलं, आडनावासकट. वीस बायकांनी एकदम वळून तिच्याकडं बघितलं. पिशवीत फोन वाजत होता, उदयसिंह सरांचाच असणार. ती उभी राहिली.

वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी तेलुगूत काही विचारलं. दोघी-तिघी त्यावर बोलल्या.

"त्या इचारतात, हे खरं हाय का," अक्कम्मा म्हणाली. "तुमी सांगा. मराठी सगळ्यांना कळतं."

धम्मप्रिया एक पाऊल पुढं आली. "खरं आहे. यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी बरं वाटून हसलंही नाही. गुरम्मा नावाची एक तरणी बाई आपल्या मशीनचं लोखंडी झाकण थोपटत पुढं आली.

"मॅडम, आमच्या मशीनला बी हेच कार्ड हाय की."

धम्मप्रियानं त्या रांगांकडं पाहिलं. सकाळपासून तिच्या डोक्यात एक मशीन होतं, एक बाई होती, एक रिपोर्ट होता. सगळी कार्डं त्याच एका फाइलची पोरं होती हे ती जाणत होती, आणि तरीही तिनं ते मोजलं नव्हतं. बाळासोंचा फोन वाजला. त्यांनी नाव बघून घाईघाईनं तो कानाला लावला, "व्हय साहेब, हितंच हायत त्या, लई घोटाळा केला हो," एवढं म्हणाले आणि फोन तिच्यापुढं धरला.

तिनं तो घेतला.

"सर, थर्मिस्टर पुढच्या लॉटला नको," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आजच लागतील. एक नाही, एकवीस."

पलीकडून काय उत्तर आलं ते खात्यात कुणाला ऐकू गेलं नाही. गुरम्मानं मशीनच्या झाकणावरचा हात काढला आणि ती खाली बसली. मग तिच्या शेजारची बसली, मग पुढची. अक्कम्मानं डब्याची पिशवी उघडली, मधोमध ठेवली आणि धम्मप्रियाला म्हणाली, "ते एकवीस येईपर्यंत जेवून घ्या."